बेळगाव ते कन्याकुमारी गाडीनं: सव्वीस जागांतल्या कुठल्या ठेवायच्या

वडगावच्या एका भावानं विचारलंय, दसऱ्याच्या सुट्टीत घरची सात माणसं घेऊन स्वतःच्या एर्टिगातनं कन्याकुमारीपर्यंत जायचंय, दहा दिवस हातात आहेत, आई अडुसष्ट वर्षांची आणि गुडघे दुखतात, पोरं दोन, वाटेत बघायच्या सव्वीस जागांची यादी तयार आहे, त्यातल्या कुठल्या ठेवू नि कुठल्या काढू.

मी वीस वर्षांच्या वर बेळगावातनं भाडी मारतोय, आधी ट्रॅक्स जीप, आता टीटी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर, दक्षिणेच्या ट्रिपा किती झाल्या ते मोजायचं सोडून दिलंय. यादी वाचली. नकाशा समोर ठेवून केलेली यादी आहे ती, रस्त्याच्या जवळ जे जे दिसलं ते सगळं त्यात घातलंय. दक्षिणेत यादी घड्याळ समोर ठेवून करायची असते. तिकडची मोठी देवळं दुपारी साडेबाराच्या आसपास बंद होतात ती चार वाजेपर्यंत, कुठं साडेतीन, कुठं साडेचार. आपल्याकडं अंबाबाईला, जोतिबाला कधीही जाऊन उभं राहायची सवय, त्यामुळं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

माझ्या पण नाही आलं पहिल्या वेळी. कडोलीची पार्टी होती, सोळा माणसं, तंजावरला पोचलो बारा चाळीसला आणि दार बंद. सव्वातीन तास गाडीच्या सावलीत बसून काढले, चार वाजता आत सोडलं तर अंगणाचा दगड असा तापलेला की एक म्हातारी मधेच थांबली, पुढं जाता येईना नि मागं पण येता येईना, शेवटी तिच्या नातवानं आपला शर्ट काढून खाली टाकला आणि त्यावर उभं केलं तिला. रात्री तळपायाला फोड आलेले. तेव्हापासून माझ्या गाडीत जाड सॉक्सचे पाच-सहा जोड कायम असतात आणि माझा नियम एकच, सकाळी किल्ला नाहीतर राजवाडा, दुपारी गाडी चालवायची, संध्याकाळी देऊळ. ह्या नियमात बसेल तेवढंच ठेवायचं, बाकी काढायचं, आणि एवढं केलं तरी तुमच्या सव्वीसातल्या पंधरा आपोआप उडतात बघा.

तर आधी काढायचं काय ते. कित्तूर काढा. घरापासून तासाभरावर आहे, चन्नम्माचा वाडा नि म्युझियम कधीही रविवारी डबा घेऊन बघून येता येतं, पहिल्या दिवशीचे पहाटेचे दोन तास हे अख्ख्या ट्रीपमधले सगळ्यात महाग तास असतात, ते तिथं घालवू नका. धारवाडचा पेढा येताना घ्या. हुबळीचं उणकल तळं, तेही तसंच. म्हैसूर, ऊटी, कोडैकनाल तिन्ही काढा, ती वेगळी ट्रीप आहे, घाटात पोरं ओकणार, आणि ऊटी-कोडैला २०२४ च्या मे महिन्यापासून गाडीसाठी ई-पास काढावा लागतो ते वेगळंच. बेंगळूर शहर तर बघायच्या यादीत कशाला घातलंय कळलं नाही, तिथं तुमचे भाचे-पुतणे नोकरीला असतीलच, त्यांच्याकडं कधीतरी सवडीनं जा.

महिना बरोबर निवडलाय. कुणी म्हणालं दिवाळीला जाऊ तर ऐकू नका, आपला पाऊस संपला की त्यांचा सुरू होतो, ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर हा तमिळनाडूचा खरा पावसाळा, वादळं पण तेव्हाच येतात. पण दसऱ्याच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे तुतुकुडीकडनं किनाऱ्यानं कन्याकुमारीला जाताना कुलशेखरपट्टणम नावाचं गाव लागतं, तिथल्या मुत्तारम्मन देवीचा दसरा लई मोठा असतो, लोक काली, राक्षस, माकड, पोलीस अशी सोंगं घेऊन गावोगाव फिरत येतात, बघायला मजा आहे पण त्या दिवशी त्या रस्त्यावर गाडी घातलीत तर सोंगं बघतच बसायची, मग आतनं तिरुनेलवेलीवरनं जायचं. दुसरी म्हणजे कोजागिरी. तिरुवण्णामलैला दर पौर्णिमेला डोंगराला चौदा किलोमीटरची प्रदक्षिणा असते, लाखांनी माणूस येतंय, त्या रात्री गाडी गावाच्या बाहेरच अडवतात. दसऱ्याच्या आठवडाभर आधी निघालात तर दोन्हीतनं सुटाल.

आता ठेवायचं काय. तुम्ही विचारलेलं नाही पण मी सुचवतो, कारण बेळगावातनं निघणाऱ्या मराठी माणसानं हा रस्ता असा केला नाही तर मला चुकल्यासारखं वाटतं. दावणगेऱ्याजवळ होदिगेरे, मग जिंजी, मग तंजावर. शहाजीराजे, राजाराम महाराज, आणि तंजावरचं मराठी राज्य उभं करणारे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे. एका ओळीत लागतात, मुद्दाम फार वाकडं जावं लागत नाही, आणि पोरांना शाळेत जे चार ओळीत उरकतात ते प्रत्यक्ष बघायला मिळतं.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला बेळगाव सोडा, हुबळी-हावेरी करत नऊच्या सुमाराला दावणगेरे. बेण्णे डोसा तिथंच खायचा, हायवेवरच्या बोर्डाला भुलू नका, गावात शिरा, वीस मिनिटं जातील पण लोणी खरं असतंय. तिथनं हायवे सोडून चन्नगिरीच्या बाजूला आत. होदिगेरे साधं खेडं आहे, सुपारीच्या बागा, घरापुढं वाळत घातलेली सुपारी. ह्या भागात शिकारीला गेलेले असताना १६६४ मध्ये शहाजीराजे घोड्यावरनं पडून गेले, त्यांची समाधी इथं आहे. मोठं काही बघायला मिळेल म्हणून जाऊ नका, दगडी बांधकाम, लहानसं, आजूबाजूला मोकळी जागा आणि शांतता. मी पहिल्यांदा नेलेल्या पार्टीतला एकजण म्हणाला, एवढंच? आणि त्यांच्यातलेच एक रिटायर्ड मास्तर काही न बोलता चप्पल काढून बाजूला बसले ते अर्धा तास उठलेच नाहीत. दोन्ही प्रकारची माणसं असतात, तुमच्या गाडीत कुठली जास्त आहेत ते तुम्हालाच माहीत.

तिथनं परत दावणगेऱ्याला यायचं नाही, चन्नगिरी-होळल्केरेवरनं थेट चित्रदुर्गला निघतो रस्ता. चित्रदुर्गचा किल्ला तुमच्या यादीत आहे, सात तटांचा, ओनके ओबव्वाची खिंड पण तिथलीच, चांगला किल्ला आहे यात वादच नाही. पण तुम्ही पोचणार दुपारी दीड-दोनला, वर सगळा उघडा खडक, आणि नीट बघायला तीन तास. पहिल्या दिवशी आईंना तिथं चढवलंत तर पुढचे नऊ दिवस गाडीत आयोडेक्सचा वास. खालनं बघा, फोटो काढा, पुढं चला. होदिगेरेत रस नसेल तर मात्र उलटं करा, दावणगेऱ्यावरनं सरळ या आणि साडेदहालाच किल्ल्यावर चढा. दोन्ही एका दिवशी नाही.

हॉल्ट तुमकूर. हे लक्षात ठेवा, बेंगळुरात संध्याकाळी शिरायचं नाही, कितीही कुणी म्हटलं तरी. तुमकूरला जेवून झोपा, पहाटे पाचला उठून नाईस रोडनं शहराला बाहेरनं वळसा घालून होसूर रोडला लागा, सातच्या आत इलेक्ट्रॉनिक सिटी मागं पडली पाहिजे. आणि हो, फास्टॅगचा वर्षाचा पास निघालाय बघा, २०२५ च्या १५ ऑगस्टपासून, सुरुवातीला तीन हजारात दोनशे फेऱ्या होत्या, पांढऱ्या पाटीच्या गाडीला चालतो, एवढ्या लांबच्या ट्रीपला तो काढलेला परवडतो. पण तो नॅशनल हायवेच्या टोलला, नाईस रोडचा टोल वेगळा जातो, मग तिथं काउंटरवर भांडत बसू नका. पिवळ्या पाटीला तो पास नाहीच, त्यामुळं आमचं आपलं जुनंच चालू आहे.

होसूर, कृष्णगिरीपर्यंत तुमचं कन्नड बिनधास्त चालतंय. आपण सीमाभागातली माणसं, मराठी-कन्नड दोन्ही तोंडात, त्याचा असा फायदा पुण्या-मुंबईच्या पार्टीला मिळत नाही. कृष्णगिरी सोडली की मात्र हातवारे. हिंदीचा उपयोग फार नाही, सरळ चार शब्द इंग्रजी आणि हसरा चेहरा, तेवढ्यावर माझी वीस वर्षं निघालीत.

कृष्णगिरीवरनं मोठा हायवे सोडून तिरुवण्णामलै, दुपारी बाराच्या आसपास पोचताय. देऊळ बंद व्हायची वेळ. घाई करायची नाही, रूम घ्या, जेवा, झोपा, आणि साडेचारला देवळात जा. तिथली गोपुरं संध्याकाळच्या उन्हात बघायची.

तिसरा दिवस जिंजीचा, आणि माझ्या मते सगळ्या ट्रीपमधला पहिल्या नंबरचा. तिरुवण्णामलैहून चाळीसेक किलोमीटर. आता त्याला युनेस्कोचा दर्जा पण मिळालाय, २०२५ मध्ये आपल्या मराठ्यांचे बारा किल्ले घेतले ना, त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि बारावा हा, तमिळनाडूतला. महाराजांनी १६७७ मध्ये घेतला, आणि पुढं १६८९ मध्ये रायगडाला मोगलांचा वेढा पडल्यावर राजाराम महाराज तिथनं निसटून इथं येऊन राहिले, मोगलांचा वेढा वर्षानुवर्षं चालला, १६९८ मध्ये किल्ला पडला तेव्हा राजाराम महाराज आधीच निसटलेले. म्हणजे तेवढा काळ स्वराज्याची राजधानी ही. तीन डोंगर आहेत, राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रायनदुर्ग, आणि तिन्हींना मिळून तटबंदी. सह्याद्रीतल्या किल्ल्यासारखा हा दिसत नाही, एकावर एक रचल्यासारखे गोल गोल मोठे धोंडे, झाडं कमी, आणि त्यात मधेच भिंत धावत गेलेली.

राजगिरी चढायला तास-सव्वातास, पायऱ्या आहेत पण उंच उंच, आणि अगदी वर टोकाला एक खोल फट आहे, ती ओलांडायला पूल. पूर्वी तो पूल काढून घेतला की झालं, वरचा माणूस वर. तिथं उभं राहिलं की एवढी वर्षं वेढा का चालला ते पुस्तक न वाचता कळतंय. दुपार झाली की वर सोडत नाहीत, म्हणून उघडतो तेव्हा गेटवर हजर राहायचं. माकडं आहेत, पिशवी हातात धरायची नाही, सरळ गाडीत ठेवायची. आई वर जाणार नाहीत, काही बिघडत नाही, खाली कल्याण महाल आहे, मजल्यावर मजले चढवलेला, धान्याची कोठारं आहेत, हिरवळ आहे, सावली आहे, एक माणूस त्यांच्याजवळ थांबवा. सूनबाई थांबतील असं गृहीत धरू नका, तुम्ही थांबा, तुम्ही गाडी चालवणार आहात, पाय राखून ठेवा.

साडेबाराला जिंजी सोडा. विळुपुरम, कुंभकोणमच्या रस्त्यानं तंजावर, दोनशे किलोमीटर असलं तरी पाच तास धरा. वाटेत गंगैकोंडचोळपुरम अगदी रस्त्याला लागून आहे, राजेंद्र चोळाचं देऊळ, चारनंतर पोचलात तर उघडं मिळेल, अर्धा तास थांबा. नाही जमलं तर सोडा, कारण संध्याकाळी साडेपाच-सहाला तंजावरच्या मोठ्या देवळात असणं जास्त महत्त्वाचं. दगड तोपर्यंत निवलेला असतो, दिवे लागतात, आणि राजराजा चोळानं १०१० च्या सुमाराला पुरं केलेलं ते शिखर, दोनशे फुटांच्या वर, मान मागं टाकून बघावं लागतंय.

पण तिथं एक गोष्ट लोक न बघता परत येतात. आवाराच्या नैऋत्य बाजूला भिंतीवर मराठी शिलालेख आहे, भोसल्यांच्या घराण्याची सगळी हकिकत, तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेली, ओळींवर ओळी, भिंतच्या भिंत भरलेली. गाईड बहुतेक तिकडं नेत नाही, विचारून जायचं. ते कडोलीवाले आजोबा होते ना, म्हणजे पाय भाजलेल्या म्हातारीचे मालक, ते नाक भिंतीला लावून, बोट दगडाला न टेकवता अक्षराखालनं सरकवत होते, आणि मधेच मला हाक मारून म्हणाले, ये बघ, आपलंच की हे. हजार किलोमीटर आलेलो आम्ही घरापासनं.

चौथ्या दिवशी सकाळी राजवाडा आणि सरस्वती महाल. सरस्वती महाल म्हणजे राजांचं ग्रंथालय, ते बुधवारी बंद असतं, तेवढं वार बघून दिवस मागं-पुढं करा, नाहीतर सगळं जमून हेच राहील. म्युझियमचा भाग लहान आहे, पण दुसऱ्या सरफोजींनी काय काय जमवलं ते बघा, वैद्यकाची पुस्तकं, चित्रं, ताडपत्रं, मोडी कागदांची तर गणतीच नाही. सांबाराला ते नाव संभाजीराजांवरनं पडलं, तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात, अशी गोष्ट तिकडं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. खरी-खोटी देव जाणे, पण ऐकून इडली जास्त जाते.

दुपारी निघून पट्टुकोट्टैवरनं समुद्राच्या रस्त्याला लागलं की मनोरा. सरफोजींनीच बांधला, नेपोलियन हरला म्हणून, १८१४-१५ साली. षटकोनी, मजल्यामजल्याचा, समोर चिखलट किनारा नि होड्या. तंजावरच्या मराठी राजानं फ्रान्सच्या बादशहाच्या पराभवाचा मनोरा बांधावा, इंग्रजांना खूश ठेवायला म्हणा हवं तर. चहा प्यायला झकास जागा, अर्धा तास, आणि मग अंधाराच्या आत रामेश्वर.

रामेश्वरबद्दल सगळ्यांना माहीत आहे, थोडक्यात उरकतो. बावीस तीर्थांची आंघोळ पहाटेच करा, ओल्या कपड्यांनी दर्शनाला सोडत नाहीत, कोरडे कपडे बरोबर ठेवा. पांबनच्या रस्त्याच्या पुलावरनं बाजूला रेल्वेचा नवा पूल दिसतो, मधला भाग सरळ वर उचलला जातो तो, २०२५ च्या एप्रिलमध्ये सुरू झालाय, पोरं नाचतील, पण पुलावर गाडी लावू नका, मागनं बस येते आणि तिला ब्रेक लागेलच असं नाही. धनुष्कोडी मात्र चुकवू नका, १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळात अख्खं गाव गेलं, चर्चच्या नि स्टेशनच्या भिंती उभ्या आहेत अजून, शेवटच्या टोकापर्यंत आता डांबरी रस्ता आहे. संध्याकाळी पाचच्या सुमाराला गाड्या परत फिरवतात, म्हणून सकाळी दहाच्या आत किंवा साडेतीनला जा, मधल्या उन्हात वाळूवर सावलीचं नाव नाही.

सहाव्या दिवशी कन्याकुमारी. सूर्योदयाचं कौतुक सगळे करतात, ढग असले तर काही दिसत नाही, पण पोरांना उठवायला निमित्त बरं. खरं काम म्हणजे बोटीच्या रांगेत सकाळी लवकर उभं राहणं. विवेकानंद स्मारक १९७० चं, ते उभं करण्यामागं एकनाथ रानडे, आपलाच मराठी माणूस. आणि बेळगावकरांनी एक गोष्ट पोरांना सांगायची, स्वामीजी त्या शिळेवर जायच्या आधी दोन महिने, १८९२ च्या ऑक्टोबरात, आपल्या बेळगावात होते, रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या घरी. तुम्ही ऑक्टोबरातच बेळगावातनं निघून तिथं पोचताय, ते पण गाडीनं, एसी लावून. शेजारी तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांचा पुतळा १३३ फूट, कारण त्यांच्या कुरळ ह्या ग्रंथाचे अध्याय १३३. दोन्हीच्या मधे आता काचेचा पूल झालाय, खाली बघितलं की समुद्र, आईंना हाताला धरून न्या. कन्याकुमारी देवीच्या देवळात बाप्यांनी शर्ट काढून जायचं असतंय.

पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा तिथनं तासाभरावर, सोमवारी बंद, बाकी दिवशी नक्की बघा, थंडगार जमीन, आईंना पण आवडेल. मग परत फिरायचं. केरळातनं किनाऱ्यानं गोव्याला येऊ म्हणताय, ते दहा दिवसात नको, तो रस्ता गावागावांतनं जातोय, अंतर कमी दिसतं आणि दिवस जातो. सरळ मदुरै, संध्याकाळचं मीनाक्षीचं दर्शन (मोबाईल आत चालत नाही, रूमवरच ठेवा), आठव्या दिवशी सेलम करत कृष्णगिरीला हॉल्ट.

गाडीचं थोडक्यात. सात माणसं भरली की एर्टिगाच्या डिक्कीत काही राहत नाही, कॅरेज लावा पण वर जड सामान टाकू नका. स्टेपनीतली हवा निघायच्या आदल्या दिवशी बघा, सगळे चार चाकांची बघतात. चार पदरी रस्त्यावर चहापाण्यासकट तासाला साठ धरा, आतल्या रस्त्याला चाळीस, गूगल सांगेल त्यात दर दोन तासाला वीस मिनिटं घाला. अंधार पडल्यावर चालवायचं नाही. आम्ही चालवतो, ते पोटासाठी. खायला कडक भाकरी नि शेंगदाण्याची चटणी घ्या, दहा दिवस टिकते, चौथ्या दिवशी भात-रसम बघून आईंचं तोंड वाकडं झालं की तीच कामाला येणार.

नववा दिवस कृष्णगिरी ते हुबळी, लांब आहे पण रस्ता सरळ. दहावा मोकळा ठेवा, कुठंतरी पाऊस, पंक्चर, पोराचं पोट, ह्यातलं एक होतंच. काहीच नाही झालं तर हुबळीतनं सकाळी आरामात निघा, धारवाडला पेढे घ्या, आणि कित्तूर त्या दिवशी बघा.